सूर्यास्ताचे छायाचित्रण: समुद्राची मिनिटे आणि शहराची मिनिटे

आपण विचारले आहे की, समुद्रकिनाऱ्यावरून आणि शहरातल्या उंच इमारतीवरून सूर्यास्ताचे फोटो काढताना डोळ्यांना दिसणारा शेंदरी रंग फोटोत फिकट पिवळा होतो, आकाश सांभाळले तर खालचा भाग काळा पडतो आणि खालचा भाग उजळला तर आकाश पांढरे होते. तेव्हा दोन्ही दृश्यांसाठी सेटिंग कोणती ठेवावी, फिल्टर घ्यावेत का आणि मोबाइलवर हे जमेल का. ही सगळी उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आधी प्रकाशाबद्दल सांगतो आणि मग सेटिंगकडे वळतो.

सूर्यास्ताची म्हणून एकच सेटिंग सांगता येत नाही, कारण त्या वेळचा प्रकाश क्षणभरही एका जागी थांबत नाही. निरभ्र आकाशात सूर्यबिंब क्षितिजाआड जाते तेव्हा मोकळ्या जमिनीवर साधारण ४०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश उतरतो तेव्हा, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपताना, तो जेमतेम ३ ते ४ लक्स उरतो. हा फरक जवळजवळ सात स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे). विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या प्रदेशांत एवढे उतरायला सूर्याला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, म्हणजे सरासरी दर साडेतीन मिनिटांनी प्रकाश निम्मा होत जातो आणि शेवटी शेवटी त्याहूनही वेगाने घटतो. ध्रुवांच्या दिशेने जावे तसा सूर्य अधिकाधिक तिरका बुडतो आणि हाच उतार पाऊण तास किंवा त्याहून जास्त लांबतो. म्हणून कोणी सांगितलेले आकडे आपल्या कॅमेऱ्यात भरून भागत नाही. समुद्राला या उताराचा पहिला भाग मानवतो आणि शहराला शेवटचा, हे एकदा लक्षात घेतले की सेटिंगचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आता रंग फिकट का पडतो ते पाहू. मावळत्या सूर्याचा प्रकाश क्षितिजालगत वातावरणाच्या फार जाड थरातून येतो. सूर्य डोक्यावर असताना त्याला जेवढी हवा ओलांडावी लागते, त्याच्या अडतीस-चाळीस पट हवा त्याला क्षितिजावर ओलांडावी लागते. या वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबडा उरतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या तीन रंगचॅनलपैकी लाल चॅनल इतर दोहोंच्या खूप आधी काठोकाठ भरतो. तो एकदा भरला की त्यात आणखी काही नोंदवले जात नाही, पण हिरवा चॅनल मात्र चढतच राहतो. आणि लाल जागच्या जागी थांबून हिरवा वाढत गेला की शेंदरी रंगाचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा आणि पिवळ्याचा पांढरा होतो. आपल्या फोटोंतला पिवळेपणा बहुधा इथूनच आला आहे. कॅमेऱ्याचा साधा, एकरंगी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, हे दाखवत नाही. त्यात सर्व काही ठीक दिसत असते. म्हणून कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवावा आणि त्यातला लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटणार नाही इतके एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, खाली आणावे. सूर्याचे प्रत्यक्ष बिंब चौकटीत असेल तर ते पांढरे होणारच, त्याची चिंता करू नये. बिंबाभोवतीच्या आकाशात रंग टिकला पाहिजे.

दुसरे कारण ऑटो व्हाइट बॅलन्स. दृश्यावर चढलेली रंगाची झाक काढून टाकणे हे त्याचे कामच असते आणि आपण तर ती झाक टिपायला तिथे गेलेलो असतो. तो डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर, पक्का करून ठेवावा. रॉ, म्हणजे सेन्सरने नोंदवलेल्या कच्च्या, फाइलमध्ये तो नंतर हवा तसा बदलता येतो हे खरे, पण तरीही तो आधीच पक्का केलेला बरा, कारण मागच्या पडद्यावरचे चित्र आणि हिस्टोग्राम दोन्ही त्याच व्हाइट बॅलन्सवरून बनतात आणि आपले त्या वेळचे निर्णय त्यांच्याच आधारे होत असतात. रॉमध्येच काढावे, हे वेगळे सांगायला नको.

आकाश आधीच ओळखता आले तर पुष्कळ फेऱ्या वाचतात. पूर्ण निरभ्र संध्याकाळ शहरासाठी चालते, पण समुद्रावर ती बहुधा रिकामी वाटते. उत्तम रंग उंचावरच्या विरळ, पिंजलेल्या ढगांवर चढतो आणि तोही सूर्य बुडाल्यानंतर. सुमारे ८ किलोमीटर उंचीवरच्या ढगाला, तो आपल्या डोक्यावर असला तरी, आपल्याकडे सूर्य मावळल्यानंतर दहा-बारा मिनिटे ऊन मिळत राहते. मात्र ते ऊन आपल्या पश्चिमेला जवळजवळ ३०० किलोमीटर अंतरावर जमिनीला घासून वर आलेले असते. म्हणून डोक्यावर किती सुरेख ढग आहेत यापेक्षा पश्चिमेचे दूरवरचे आकाश मोकळे आहे की नाही, हे उपग्रहचित्रात पाहून निघावे. क्षितिजाशी ढगांची जाड भिंत असेल तर वरचे ढग राखाडीच राहतात. हवेतल्या धुळीने आणि धुराने सूर्यास्त अधिक रंगतो, असा एक समज आहे. जमिनीलगतची धूळ आणि धूर उलट रंग मळकट करतात आणि पावसाची सर येऊन गेल्यावर धुतलेल्या हवेत रंग खुलतात. १८८३ मध्ये क्राकातोआ आणि १९९१ मध्ये पिनाटुबो या ज्वालामुखींच्या उद्रेकानंतर जगभर जे विलक्षण संधिप्रकाश दिसले, ते त्यांचे कण थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, पोहोचल्यामुळे. ती गोष्ट वेगळी आहे.

आता समुद्राकडे येतो. किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी पोहोचावे आणि त्या दिवशीची भरती-ओहोटी पाहून जागा ठरवावी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल याच वेळी कोरडा असलेला खडक आज पाण्याखाली असू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी नेहमीच्या खुणेच्या बरेच वर येते. मला स्वतःला उतरते पाणी सर्वांत आवडते, कारण ते मागे ओली, सपाट, कोणाचेही पाऊल न उमटलेली वाळू सोडत जाते आणि त्या वाळूत सगळे आकाश उतरते. याच कारणासाठी इथे पोलरायझर काढून ठेवावा. ओल्या पृष्ठभागावरची चमक मारणे हा त्याचा गुण, आणि इथे आपल्याला ती चमकच हवी आहे. पाण्याकडे लंबापासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात पाहिले असता त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो, आणि उभ्याने, वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत पुढची ओली वाळू नेमकी त्याच कोनाच्या आसपास येते.

लाटेसाठी शटरचा वेग किती, हा खरा आस्वादाचा विषय आहे आणि त्यावर थोडा वेळ घालवावा असे मला वाटते. तीस सेकंदांत समुद्राचे धुके होते. तसे फोटो शांत दिसतात, पण त्यांत लाट उरत नाही, आणि एकाच्या जागी दुसरा किनारा असता तरी फरक पडला नसता असे वाटत राहते. १/५०० सेकंदात उसळलेले तुषार गोठतात, पण पाण्याची चाल हरवते. माझी पसंती पाव सेकंद ते एक सेकंद या पट्ट्याला आहे. लाट वाळूवर चढून येते, क्षणभर थबकते आणि मग मागे फिरते. त्या परतीच्या अगदी आरंभी शटर दाबावे. परतणारा फेस खडकांच्या आणि शिंपल्यांच्या दोन्ही बाजूंनी फाटून समुद्राकडे लांब पांढऱ्या रेघा ओढतो आणि त्या रेघा नजरेला सरळ क्षितिजावरच्या उजेडाकडे घेऊन जातात. लाट चढत असताना शटर दाबले तर तोच फेस एक आकारहीन पांढरा पट्टा होऊन बसतो. अर्ध्या सेकंदाचा हा फरक आहे, आणि तो बोटाला सवयीनेच कळतो. म्हणून एकाच जागेवरून लागोपाठच्या अनेक लाटा घ्याव्यात, जागा बदलत फिरू नये.

सूर्य वर असताना अर्धा सेकंद मिळवायचा तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लागतो. सहा स्टॉपचा फिल्टर १/६० सेकंदाचा जवळजवळ एक सेकंद करतो आणि समुद्रासाठी मला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात आयएसओ १०० (सेन्सरची कमी संवेदनशीलता) आणि एफ/११ (लेन्सचे बरेच लहान छिद्र) वर फिल्टरशिवायही तेवढे शटर मिळू लागते, तेव्हा तो काढावा. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तसे ते लहान) एफ/८ ते एफ/११ ठेवावे. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ होतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा असतो) २४ मिलिमीटरची लेन्स आणि एफ/११ असेल तर सुमारे पावणेदोन मीटरवर फोकस केल्यास जवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्वीकारार्ह स्पष्ट येते. मी फोकस थोडा पुढे, अडीच-तीन मीटरवर ठेवतो, कारण दूरचे क्षितिज मऊ पडलेले अधिक खटकते.

आकाश आणि जमीन यांच्यातल्या उजेडाच्या तफावतीवर दोन उपाय आहेत: वरच्या अर्ध्यात गडद असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर, किंवा वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन नंतर जोडणे, म्हणजे ब्रॅकेटिंग. दोन्हींचे गुणगान आपण ऐकले असेल. माझे मत असे की समुद्राला फिल्टर आणि शहराला ब्रॅकेटिंग. समुद्राचे क्षितिज सरळ रेघेसारखे असते, त्यामुळे फिल्टरची सीमा तिथे बेमालूम बसते, आणि दर फोटोत लाट निराळी असल्यामुळे तिथले ब्रॅकेटिंग जोडताना पाण्यात भुते, म्हणजे एकावर एक पडलेल्या अर्धवट प्रतिमा, दिसू लागतात. शहरात नेमके उलटे असते: मनोरे क्षितिजाच्या वर घुसलेले असतात, फिल्टर त्यांचे माथे काळे करतो, आणि इमारती हलत नसल्यामुळे दोन-दोन स्टॉपच्या अंतराने घेतलेले तीन ते पाच फोटो सहज जुळतात. समुद्रासाठी दोन किंवा तीन स्टॉपचा एक मऊ सीमेचा फिल्टर पुरेसा आहे. सूर्य अगदी पाण्याला टेकलेला असताना क्षितिजावर सर्वांत गडद आणि वर हलका होत जाणारा रिव्हर्स फिल्टर उत्तम काम देतो, पण तो वर्षाकाठी थोड्याच वेळा बाहेर निघतो, म्हणून सुरुवातीला घेऊ नये.

सूर्यबिंब मोठे हवे असेल तर लांब लेन्सला पर्याय नाही. सूर्याचा व्यास आकाशात जेमतेम अर्धा अंश असतो आणि सेन्सरवरची त्याची प्रतिमा फोकल लांबीच्या सुमारे १०९ व्या भागाएवढी पडते. २४ मिलिमीटरवर ती पाव मिलिमीटरही भरत नाही, ४०० मिलिमीटरवर मात्र पावणेचार मिलिमीटरच्या जवळ जाते. बिंब आपल्या व्यासाइतके अंतर दोन मिनिटांत ओलांडते, तेव्हा नाव किंवा दीपगृह बिंबासमोर हवे असेल तर उभे राहण्याची जागा आधीच हेरून ठेवावी. आणि कृपा करून आरशाच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्याकडे पाहू नका. बिंब लालसर आणि मंद वाटले तरी डोळ्याला इजा होऊ शकते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचे थेट चित्र, वापरावा, तोही बिंबावर फार वेळ रोखून ठेवू नये.

खडकांवर उभे राहण्यापूर्वी काही मिनिटे नुसते पाणी पाहावे. मोठ्या लाटा मधूनच, एकापाठोपाठ येतात आणि त्यांची मजल खडकाच्या ओल्या रेषेवरून कळते. त्या रेषेच्या वर उभे राहावे, समुद्राकडे पाठ करू नये आणि परतीची वाट अंधारात भरतीच्या पाण्याखाली जाणार नाही याची खात्री करावी. वाळूत ट्रायपॉडचे पाय दाबून रोवावेत, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर ते हळूच खचतात आणि फोटो हलतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवावेत. मीठ एका रात्रीतही धातूला लागते.

शहराच्या दृश्यासाठी सूर्य मावळल्यावर सामान आवरायला घेऊ नये, कारण शहराची वेळ तेव्हा कुठे सुरू होते. आकाशाचा उजेड उतरत जातो, दिव्यांचा तसाच राहतो, आणि एका टप्प्यावर दोन्ही बरोबरीला येतात. त्या काही मिनिटांत इमारतींच्या कडा आकाशापासून सुट्या दिसतात, खिडक्या उजळतात पण पांढऱ्या पडत नाहीत आणि वरचे आकाश गाढ निळे असते. ही निळाई केवळ विखुरण्याने येत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर प्रकाश ओझोनच्या थरातून लांबचा तिरका प्रवास करतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो, म्हणून माथ्यावरचे आकाश राखाडी न होता निळे राहते. कमी अक्षांशांवर ही वेळ सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या ते पंचविसाव्या मिनिटांत सापडते, त्याहून उत्तरेला किंवा दक्षिणेला ती उशिरा येते आणि जास्त टिकते. आयएसओ १०० आणि एफ/८ वर शटर दोन सेकंदांपासून सुरू होऊन आठ-दहा सेकंदांपर्यंत लांबत जाते. व्हाइट बॅलन्स इथे ३८०० ते ४२०० केल्विनपर्यंत खाली आणावा, म्हणजे रस्त्यावरचे पिवळे दिवे आवरतात आणि निळाई राहते.

एक युक्ती सांगतो, जी मला फार उपयोगी पडली आहे. ट्रायपॉड जागचा हलवू न देता एक फोटो सूर्यास्तानंतर लगेच घ्यावा, ज्यात दर्शनी भिंतींवर आणि गल्ल्यांत अजून नैसर्गिक उजेड आहे, आणि दुसरा वीस मिनिटांनी, ज्यात दिवे पूर्ण लागले आहेत. दोन्हींचा मेळ घातला की सावल्यांतला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर न ताणता मिळतो. वार आणि ऋतूही पाहावा: कार्यालयांच्या इमारती सुट्टीच्या दिवशी काळ्या असतात, आणि दिवस लहान असतो त्या महिन्यांत कामाचे तास संपण्यापूर्वीच अंधारत असल्यामुळे खिडक्या सर्वांत जास्त उजळलेल्या मिळतात.

शहर पाहायचे तर नेहमी पश्चिमेकडेच तोंड करावे असेही नाही. सूर्याकडे पाठ केली तर काचेच्या इमारती पश्चिमेचा सगळा रंग आपल्याकडे परतवतात, आणि सूर्य बुडाल्यावर पूर्व क्षितिजावर पृथ्वीची निळसर-करडी सावली आणि तिच्यावर गुलाबी पट्टा वर चढताना दिसतो. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तर अवश्य जावे. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवलेला असतो, त्यामुळे आकाशात उजेड शिल्लक असताना तो इमारतींच्या वर आलेला मिळतो आणि चंद्राचा तपशील आणि शहर एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. पौर्णिमेच्या दिवशी तो वर येईपर्यंत अंधार होतो आणि चंद्राच्या जागी पांढरी चकती उरते.

उंच इमारतीवर काचेआडून फोटो काढावा लागला तर लेन्स काचेला भिडवावी, भोवती काळे कापड धरावे आणि शक्य असल्यास खोलीतले दिवे मालवावेत. प्रतिबिंब घालवायला पोलरायझर लावण्याचा मोह होतो, पण कडक केलेल्या काचेतले ताण त्यातून इंद्रधनुषी डागांसारखे दिसू लागतात. मोकळ्या गच्चीवर वारा असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून ठेवावा, लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद करावे आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर दाबावे. कॅमेरा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी समपातळीत धरावा, कारण खाली झुकवल्यास इमारती एकमेकींपासून फाकू लागतात. दिव्यांना ताऱ्यांसारखे किरण हवे असतील तर एफ/११ ते एफ/१६ ठेवावे. अ‍ॅपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर तेवढेच किरण येतात आणि विषम असेल तर दुप्पट.

संपादनाबद्दल एकच आग्रह आहे. उजेड समोरून येत असताना आपल्याकडची बाजू अंधारी असणे स्वाभाविक आहे. शॅडोचा स्लायडर टोकापर्यंत ओढून खडकाचा किंवा भिंतीचा प्रत्येक कण उजळला की प्रकाशाची दिशाच नाहीशी होते, आणि मग सॅच्युरेशन कितीही वाढवले तरी तो सूर्यास्त वाटत नाही. रंग गाढ हवा असेल तर सॅच्युरेशन वाढवण्यापेक्षा नारिंगी आणि लाल रंगांची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली आणावी.

राहिला मोबाइल. तो एका दाबात अनेक फोटो घेऊन जोडतो, त्यामुळे उजेडाची तफावत त्याला बऱ्यापैकी आवरता येते, पण त्याचे स्वयंचलित एक्स्पोजर या दृश्याला जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा उजळ करते. आकाशातल्या रंगीत भागावर बोट धरून एक्स्पोजर आणि फोकस लॉक करावा, मग उजेड खाली ओढत न्यावा आणि शेंदरी रंग परत आला की थांबावे. मुख्य कॅमेराच वापरावा, कारण अल्ट्रावाइडचा सेन्सर बहुतेक फोनांत लहान असतो आणि अंधार पडू लागताच त्यात दाणे दिसतात. डिजिटल झूमने सूर्य मोठा करू नये. शहराच्या निळ्या वेळेसाठी फोन छोट्या ट्रायपॉडवर लावून नाइट मोड वापरला तर उत्तम फोटो येतात. सूर्यासमोर लेन्सवरचा बोटाचा ठसाही फोटोभर पसरतो, तेव्हा फोन वर करण्यापूर्वी लेन्स स्वच्छ, मऊ कापडाने पुसावी. कमी पडतो तो एकाच बाबतीत: परतणाऱ्या लाटेच्या अर्ध्या सेकंदासाठी हाताने शटर ठरवू देणारा प्रो मोड आणि फोनला बसणारा एनडी फिल्टर दोन्ही लागतात. तेवढे जमवता येत नसेल तर सूर्य बुडाल्यानंतरची ओली वाळू आणि तिच्यातले आकाश टिपावे. त्यासाठी फोन पुरेसा आहे.